भर उन्हात मागचा दरवाजा सेंट्रल लॉकने उघडतच नाही, संध्याकाळी बरोबर चालतो. कारण काय?

वर्धारोडवाला
नमस्कार मंडळी, नागपूरला राहतो, 2014 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, सेंट्रल लॉक कंपनीतून नव्हतं, बाहेरून बसवलेलं. ऑफिसच्या पार्किंगला सावली नाही, गाडी सकाळी नऊपासून तापत असते, अन् आता मे महिन्यात दुपारी रिमोट दाबला की तीन दरवाजे उघडतात, मागचा डावा उघडत नाही. पुन्हा पुन्हा दाबलं की मग तर त्याचा आवाजही बंद होतो. रात्री मात्र तोच दरवाजा पहिल्या झटक्यात उघडते. सर्व्हिस सेंटरला सकाळी नेली तर तिथं सगळं बरोबर, तरी पूर्ण लॉक असेंब्ली बदला म्हणून राहिले. मला खरी काळजी यासाठी की मुलगी तिथंच बसते अन् चाइल्ड लॉक लावलेलं असते, म्हणजे आतून तिला दरवाजा उघडता येत नाही. रविवारी बाहेरून हँडल ओढून दरवाजा उघडेना, शेवटी पुढून आत हात घालून लॉकचा नॉब वर ओढला. काय पाहू पहिले?

टायर_ट्यूब
रिमोटचा सेल बदलून बघा.

अकोल्याचा_वायरमन
सेल नाही भाऊ, सेल गेला असता तर चारही दरवाजे बसले असते ना. पहिले कान लावून आवाज ऐका. दाबल्यावर आत लॉकची मोटर फिरल्याचा गर्रर्र आवाज येऊन नॉब हलत नसेल तर प्लास्टिकचा गिअर घासला. धप्प आवाज येतो पण नॉब अर्ध्यात अडकतो तर लॅच (दरवाजा धरून ठेवणारी कडी) नाहीतर रॉड (मोटर आणि लॅच जोडणारी सळई) जाम आहे, ग्रीस वाळून त्यात धूळ बसलेली असते. आणि आवाजच नाही तर करंट पोचत नाही किंवा मोटरच तापून बंद पडली.

तुमची केस मला शेवटची वाटते. या मोटरला एका वेळी जेमतेम एक सेकंदाचा झटका द्यायचा असतो, जळू नये म्हणून बऱ्याच मोटरमध्ये आत एक छोटा पार्ट असतो, पीटीसी म्हणतात, गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो आणि करंट अडतो, थंड झाला की आपोआप पूर्ववत. बाहेर 45 अंश, बंद दरवाज्याचा पत्रा त्याहून तापलेला, म्हणजे हा पार्ट आधीच अर्धा गरम, वरून रॉड जड चालत असेल तर मोटर जास्त करंट ओढते आणि तुम्ही चारदा दाबलं की ती गप्प. म्हणून उघडलं नाही तर दाबत राहू नका, दहा-पंधरा मिनिटं थांबा.

दरवाज्याचं पॅड काढून मोटरचा दोन वायरचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, सोडा आणि तिथं इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब लावून कुणाला तरी रिमोट दाबायला सांगा. डिजिटल मीटर एवढा छोटा झटका नीट पकडत नाही, आणि तुटायला आलेली वायर मीटरवर 12 व्होल्ट दाखवते पण बल्ब पेटवू शकत नाही. ही टेस्ट दुपारीच करा, सकाळी करून काही सापडणार नाही. बल्ब भक्कन पेटला तर वायरिंग चांगलं, दोष मोटरमध्ये नाहीतर रॉडमध्ये.

दुबईतला_सातारकर
वरचं सगळं बरोबर, इकडं आमच्याकडंही उन्हाळ्यात हेच होतं. मी एक सांगतो, बल्ब मंद पेटला तर दरवाजा आणि पिलरच्या मधला रबरी बेलो (वायरींवरची घडीची रबरी नळी) मागं सरकवून वायरी बघा, दरवाजा हजारो वेळा उघडून तिथंच तांबं तुटतं आणि उन्हानं कडक झालेलं इन्सुलेशन तडकतं. दरवाजा हळूहळू उघडत-मिटत रिमोट दाबला तरी कळतं. आणि लॅचमध्ये नुसतं डब्ल्यूडी-फॉर्टी मारून सोडू नका राव, दोन दिवस मस्त चालतं मग होतं नव्हतं ते ग्रीस धुऊन गेल्यामुळं अजून जड होतं. त्यानं धुवा, पुसा, मग पांढरं लिथियम ग्रीस लावा. चावीच्या भोकात मात्र ग्रीस नको, धूळ धरतं, तिथं ग्रॅफाइट पावडर.

कोथरूड_ते_कोकण
दुरुस्त होईपर्यंत चाइल्ड लॉक काढा आणि मुलीला उजव्या बाजूला बसवा प्लीज, बाकी सगळं नंतर. उन्हात बंद गाडीत लहान मूल पाच मिनिटंसुद्धा अडकायला नको.

वर्धारोडवाला
चाइल्ड लॉक त्याच दिवशी काढलं ताई, मुलगी आता उजवीकडं बसते.

आज दुपारी दोन वाजता पॅड खोललं. बल्ब एकदम पेटला, म्हणजे वायर ओके. मग मोटरचा रॉड सुटा करून हातानं लॅच हलवून पाहिलं तर फार जड, आतलं ग्रीस काळं डिंकासारखं झालेलं. धुऊन पांढरं ग्रीस लावलं, नॉब बोटानं हलू लागला. तरी मोटर तापल्यावर तिसऱ्या झटक्याला बंदच पडली, संध्याकाळी थंड झाल्यावर पुन्हा हेअर ड्रायरनं तापवून पाहिली तर तेच. दोन वायरची नवी मोटर आणून बसवली, जुनीच भोकं बरोबर आली. पॅडच्या मागचा प्लास्टिकचा कागद नीट चिकटवून टाकला, पावसाळ्यात पाणी आत यायला नको.

उद्या दुपारी पार्किंगमध्ये तपासून सांगतो. बाकी तीन दरवाज्यांचं ग्रीसही या रविवारी करून घेतो अकोलेकर भाऊ, त्यांनाही तेवढीच वर्षं झाली.