क्रॅम डाउन : 'गळी उतरवणे' की 'माथी मारणे'?

अर्धविराम :
लंडनच्या एका निकालावरचं टिपण मराठीत आणतेय. ब्रिटनने २०२० साली कायद्यात नवी सोय केली. अडचणीतल्या कंपनीने कर्जदात्यांचे गट पाडायचे, प्रत्येक गटात रकमेच्या ७५ टक्क्यांचा होकार मिळवायचा. एखादा गट अडून बसला, पण योजना नसती तर त्याचे जे हाल झाले असते त्याहून वाईट होणार नसतील आणि योजना नसतानाही ज्याच्या पदरात खरोखर काही पडलं असतं असा दुसरा एखादा गट राजी असेल, तर न्यायालय अडलेल्यांनाही योजनेत बांधू शकतं. हा 'क्रॅम डाउन'. मी 'गळी उतरवणे' लिहिलं, संपादकांनी लाल रेघ मारली. चुकलं काय?

तासगावकर :
गळी उतरवणं म्हणजे पटवून देणं. हे तर न पटलेल्यांसाठीच आहे ना? सरळ 'माथी मारणे' लिहा.

अर्धविराम :
त्यात अन्याय आधीच धरलेला आहे हो. निकाल ॲडलर या जर्मन मालमत्ता समूहाचा. २०२९ला मुदत संपणाऱ्या रोख्यांचे धारक रांगेत शेवटी राहिले. आधीच्यांना देता देता पैसे संपले तर बुडणार हेच. त्याला सबळ कारण नाही म्हणून अपील न्यायालयाने जानेवारी २०२४मध्ये मंजुरी रद्द केली. या योजनेला 'माथी मारली' म्हणता येईलही, पण कलमाचं नाव तसं कसं ठेवू? शिवाय 'दिवाळखोर कंपनी'सुद्धा खोडलंय.

जुनी सनद :
ते योग्यच खोडलं. इंग्लंडात बँकरप्ट होतो तो माणूस, कंपनी इन्सॉल्व्हंट होते. अमेरिकेत दोघांनाही बँकरप्सीच. आपल्या २०१६च्या संहितेत बँकरप्सीचा भाग व्यक्ती आणि भागीदारी पेढ्यांपुरता, म्हणून तर 'नादारी व दिवाळखोरी' असं जोडनाव. कंपनीला नादार म्हणा.

खडूफळा :
नादार? आठवीत मला नादारी होती! गुरुजी हजेरीनंतर म्हणायचे, "नादारीवाले उभे राहा." आम्ही चौघं उभे राहायचो, बाकीचे फीचे पैसे मुठीत धरून बघत बसायचे. हजार कोटी थकवणाऱ्याला तोच शब्द? नाही बुवा.

जुनी सनद :
शब्द तोच. फारसी ना-दार, ज्याच्यापाशी नाही तो. १९२०च्या कायद्याखालीही नादारीचाच अर्ज करायचे.

शुद्धमती :
फारसीच कशाला? हिंदीत 'शोधन अक्षमता' आहे, तेच घ्यावं.

तासगावकर :
मराठी माणूस म्हणेल, काय सापडत नाहीये यांना? बेदाण्याच्या सौद्यात नादारही कोणी म्हणत नाही, "त्यानं हात वर केले" म्हणतात. आणि दिवाळं 'निघणं' वेगळं, 'काढणं' वेगळं. निघालं तो बुडाला, काढलं त्यानं ठरवून केलं. एका पेढीनं काढलं तेव्हा आजोबा रुपयाला चार आणे घेऊन मोकळे झाले.

जुनी सनद :
वा! आपल्या संहितेत कलम ७खाली वित्तीय धनको, म्हणजे बँकेसारखा कर्ज देणारा, अर्ज करतो, कलम १०खाली कंपनी स्वतः. म्हणजे सातखाली निघतं, दहाखाली काढतात.

भरदुपार :
मूळ कोणी सांगितलंच नाही. बुडालेला व्यापारी दिवसाढवळ्या दुकानात दिवा लावून ठेवायचा, म्हणून दिवाळं.

शुद्धमती :
असल्या गोष्टी शब्द रुळल्यावर रचतात. पुरावा?

भरदुपार :
आमच्या आत्याच्या सासऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

शुद्धमती :
दिवा पाहिला असेल. व्युत्पत्ती नव्हे.

अर्धविराम :
मंडळी, मुदत संपली. 'क्रॅम डाउन' तसंच ठेवलं, पुढे 'असहमत गटावर योजना बंधनकारक करणे' असा खुलासा जोडला. आता नवी रेघ 'देणेकरी'खाली आहे. मी कर्ज देणाऱ्यांना देणेकरी म्हटलं होतं.

खडूफळा :
बरोबरच आहे की. देणेकरी दारात येऊन बसतात, असंच म्हणतो आपण.

तासगावकर :
दारात बसतो तो घेणेकरी. देणेकरी परसातून सटकलेला असतो.

खडूफळा :
आमच्या घरी तर दोघांनाही देणेकरीच म्हणायचे.