मदत हवी आहे: बाबांना आवाजावरून अंदाज घ्यायला शिकायचंय, ठाणे-नवी मुंबईत कोणी शिकवतं का?

नमस्कार मंडळी, आम्ही नौपाड्यात राहतो. बाबा ६३ वर्षांचे, काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची नजर गेली त्याला दीड वर्ष झालं. पांढरी काठी वापरतात, पण काठीला कळतं ते खालचं, टपरीचा पुढे आलेला पत्रा कसा कळणार, गेल्या महिन्यात कपाळाला तीन टाके पडले.

तर सांगायचं म्हणजे, लिफ्टमधून बाहेर आले की ते चुटकी वाजवतात. परवा म्हणाले, "अगं, समोरच्यांचं दार उघडं दिसतंय." खरंच उघडं होतं! कसं कळलं विचारलं तर म्हणे बंद दारावरून आवाज लगेच परत येतो, उघड्या दारात तो आत निघून जातो.

मग मी शोधत बसले. अमेरिकेतले डॅनियल किश जिभेने टक टक करून प्रतिध्वनीवर सायकलसुद्धा चालवतात, पण त्यांची नजर अगदी तान्हेपणीच गेलेली. बाबांना या वयात जमेल का ही धाकधूक होती, तर इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात २१ ते ७९ वयाची माणसं १० आठवड्यांत हे शिकली असं वाचलं, खूप धीर आला.

दुसरं म्हणजे 'द व्हॉइस' नावाचं फुकट अँड्रॉइड ॲप. कॅमेऱ्यातलं चित्र ते दर सेकंदाला डावीकडून उजवीकडे आवाजात वाजवतं, वरची वस्तू बारीक सुरात, खालची जाड सुरात, जितका उजेड जास्त तितका आवाज मोठा. बाबा भजनात पेटी वाजवतात, त्यामुळे सूर चढला-उतरला ते पटकन पकडतात, जिन्याचा कठडा वर चढत जाणाऱ्या सुरासारखा ऐकू आला तेव्हा त्यांनी चार वेळा परत परत लावायला सांगितलं. पण ट्यूबलाइट समोर आली की नुसता कल्ला, बाकी काही कळत नाही.

कोणी हे ॲप रोज वापरतं का, किती दिवसांनी सरावलात? कान झाकून गोखले रोडवर पाठवायची माझी हिंमत नाही, कानाबाहेर हाडावर बसणारे हेडफोन गर्दीत चालतात का? आणि जिभेची टिचकी शिकवणारं कोणी असेल तर प्लीज कळवा, वाशी-नेरूळपर्यंत रोज घेऊन जायची तयारी आहे. आधी टिचकी की आधी ॲप, हेही सांगा, दोन्ही एकदम सुरू करून त्यांचा गोंधळ व्हायला नको.