२५ डिसेंबरचा हॉल कुणाला?

सेक्रेटरी (ए-५०१): नमस्कार मंडळी. २५ डिसेंबरला सकाळी ८ ते दुपारी २ हॉल आणि पुढची मोकळी जागा मिळावी, असा बी-७०४ कडून अर्ज आलाय. काशी हिंदू विद्यापीठाच्या पुण्यातल्या माजी विद्यार्थ्यांचा कार्यक्रम आहे. बाहेरचे चाळीसेक लोक येतील. बाहेरच्यांचा कार्यक्रम असेल तर भाडं दुप्पट, हा आपला नियम. काकूंचं म्हणणं असं की सोसायटीतल्या सगळ्यांना आमंत्रण आहे, तर सभासदाचा दर लावा. कमिटीत एकमत होईना म्हणून इथे टाकतोय. गुड मॉर्निंगची फुलं दुपारनंतर पाठवलीत तर बरं.

ए-२०३: विरोध नाही, पण असे मेळावे बरेच पाहिलेत. पाऊण तास दीपप्रज्वलन, कारण समईला वारा लागतो. मग शाल, नारळ, स्मृतिचिन्ह. मग 'दोन शब्द बोलतो' म्हणून उभे राहिलेले गृहस्थ होस्टेलच्या मेसपासून सुरू करतात. सोसायटीतली माणसं फक्त जेवणापुरती. यात आपल्या मुलांना काय मिळणार तेवढं सांगा, मग दर ठरवू.

डी-३०५: त्याच दिवशी संध्याकाळी ६ ला मुलांचा ख्रिसमस आहे, ऑक्टोबरपासून बुकिंग आहे. झाड आणि दिवे आम्ही आदल्या रात्रीच लावतो. ते हलवावं लागणार नाही ना?

ए-६०१: २५ डिसेंबरच का पण? रविवारी करा ना कुठल्यातरी.

बी-७०४: एकेकाचं उत्तर देते. मोठा मेसेज होईल, आधीच माफ करा.

२५ डिसेंबर का? आमच्या विद्यापीठाचे संस्थापक मदनमोहन मालवीय यांचा जन्म २५ डिसेंबर १८६१ चा. आमच्या कॅम्पसमध्ये त्या दिवसापासून फुलांचं प्रदर्शन भरतं, मालवीय भवनात. भाषणं असतात तिकडेही, पण बनारसची माणसं येतात ती शेवंती आणि गुलाब बघायला. भाजीपालासुद्धा मांडलेला असतो. आमच्या वसतिगृहातल्या मुली तर तिन्ही दिवस तिथेच पडीक. विद्यापीठाचा स्थापना दिवस वेगळा, तो वसंत पंचमीला. पायाभरणी ४ फेब्रुवारी १९१६ ची, तरी स्थापना दिवस तिथीनेच करतात. पण तिथी आडवारी येते आणि पुण्यात त्या दिवशी सुट्टी नसते. २५ ला सगळेच घरी.

डी-३०५, तुमच्या झाडाला कुणी हात लावणार नाही. आमचं जास्तीत जास्त काम बाहेर उघड्यावर आहे.

ए-२०३ काका, शाल-नारळ शून्य. आम्हीही कंटाळलो त्याला.

ए-२०३: मग करणार काय बाहेर, सहा तास?

बी-७०४: दोन गोष्टी ठरवल्यात. एक म्हणजे कुंड्यांचं प्रदर्शन. आमचे लोक आणतीलच, पण खरं तर आपल्या गच्चीवाल्यांनी मांडावं अशी इच्छा आहे. दुसरं मुलांसाठी काहीतरी विज्ञानाचं. ते अजून नक्की नाही. आमच्यातले एक निवृत्त प्राध्यापक स्लाइड दाखवतो म्हणतायत. मला धास्ती आहे.

सी-४०१: काकू, स्लाइड नकोत. शाळेत रोज मीच दाखवतो आणि मुलं कशी जांभया देतात ते बघतो. २५ डिसेंबर असेल तर सावली मोजू. दुपारी सविस्तर लिहितो, आत्ता आठवीचे पेपर आहेत समोर.

बी-१०२: कुंड्या म्हणाल्यात म्हणून विचारते. माझ्या शेवंतीला यंदा नुसता पाला आलाय. खत घातलं, शेंडे खुडले, सगळं केलं. समोरच्या विंगमधल्या वहिनींकडे तीच कलमं गच्च फुललीत. माती तीच, नर्सरी तीच.

बी-७०४: तुमची कुंडी कुठे असते? पॅसेजमध्ये का?

बी-१०२: हो, लिफ्टसमोर. ऊन येतं तिथे छान.

बी-७०४: ऊन येतं, पण रात्रभर ट्यूबलाइटही असते. शेवंतीला कळी धरायला लांब, सलग काळोखी रात्र लागते. दिवस लहान व्हायला लागले की तिला ऋतू बदलल्याचं समजतं. रात्रभर उजेड राहिला तर तिच्या लेखी अजून उन्हाळाच आहे, ती पानंच काढत बसते. वनस्पतिशास्त्राच्या एमएस्सीला बनारसमध्ये हाच धडा आम्हाला बागेतल्या दिव्याच्या खांबाखाली उभं करून शिकवला होता. खांबाच्या बाजूच्या फांद्या कोऱ्या, पलीकडच्या फुललेल्या.

आता कुंडी हलवलीत तरी २५ पर्यंत फूल नाही येणार, कळी धरून उमलायला दोनेक महिने जातात. पुढच्या वर्षी सप्टेंबर संपता संपता तिला अंधारात न्या, नाहीतर संध्याकाळी ६ ते सकाळी ८ काळं कापड टाका. आणि या वर्षी तीच कुंडी प्रदर्शनात आणा, वहिनींच्या कुंडीशेजारी ठेवू. दोन्ही एकत्र पाहिल्यावर मुलांना वेगळं सांगावं लागणार नाही.

बी-१०२: म्हणजे माझी नापास कुंडी सगळ्यांना दाखवायची 😄

बी-७०४: अहो, प्रदर्शनातली सर्वांत उपयोगाची कुंडी ती.

ए-६०१: आमच्याकडे फक्त कढीपत्ता आणि चेरी टोमॅटो आहे, चालेल?

बी-७०४: पळेल.

ए-२०४: एक विचारतो, राग मानू नका. बनारसच्या विद्यापीठाचा आपल्या सोसायटीशी काय संबंध? आम्ही इतकेजण पुणे विद्यापीठाचे आहोत, आम्ही कधी हॉल मागितला का?

ए-२०३: नाही मागितलात, कारण तुम्ही कधी काही केलंच नाहीत. मीही पुणे विद्यापीठाचाच, म्हणून हक्काने बोलतोय.

ए-२०४: *हा मेसेज डिलीट केला आहे.*

बी-७०४: राग कशाला. प्रश्न बरोबर आहे. तिथल्या मुख्य ग्रंथालयाचं नाव सयाजीराव गायकवाड ग्रंथालय. बडोद्याच्या महाराजांच्या देणगीतून ती इमारत उभी राहिली, १९४१ मध्ये. मालवीयजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले होते, तिथलं ब्रिटिश म्युझियमचं वाचनालय डोक्यात घेऊन परतले. मधोमध गोल मोठी वाचनाची खोली हवी, असा हट्ट. पैसा दिला तो मालेगावजवळच्या कवळाण्यात जन्मलेल्या माणसाने. मी त्याच गोल खोलीत दोन वर्षं नोट्स काढल्या. त्या वयात नावाकडे लक्षही गेलं नव्हतं, हे खरं.

आणि जयंत नारळीकर. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर तिथे गणित विभागाचे प्रमुख होते. जयंतरावांचा जन्म कोल्हापूरचा, पण शाळा बनारसची आणि बीएस्सीही आमच्याच विद्यापीठातून, १९५७ ची. मग केंब्रिज, मुंबई, आणि शेवटी पुण्यात आयुका, म्हणजे ती खगोलशास्त्राची संस्था. आपली मुलं विज्ञान दिनाला आयुकात रांगा लावतात ना? त्या माणसाचं बालपण बनारसच्या कॅम्पसवर गेलं.

ए-२०४: नारळीकरांचं माहीत नव्हतं. ठीक.

सी-२०२: गायक ओंकारनाथ ठाकूरही तिथेच होते ना? आमचे गुरुजी नेहमी सांगायचे. पलुस्करांचे शिष्य.

बी-७०४: हो, विष्णु दिगंबरांचे शिष्य. बनारसच्या संगीत महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. ताई, तुम्ही गाणार का त्या दिवशी? अर्धा तास. आमच्याकडे तबल्याला माणूस आहे, गायला कुणी नाही.

सी-२०२: सकाळचं भटियार किंवा जौनपुरी चालेल. पण समोर कुंड्या हलवत असतील तर मी उठून जाईन, आधीच सांगते.

ए-२०३: आणि तुमचं ते विद्यापीठ-गीत? ते गायल्याशिवाय तुम्ही लोक राहत नाही असं ऐकलंय.

बी-७०४: कुलगीत होणार. एकदाच, उभं राहून. लिहिलंय कुणी ठाऊक आहे? शांतिस्वरूप भटनागर यांनी. हो, तेच, रसायनशास्त्रवाले, ज्यांच्या नावाचं पारितोषिक आहे. १९२१ पासून तीनेक वर्षं ते बनारसला प्राध्यापक होते. पुढे देशभर प्रयोगशाळांची साखळी उभी केली, त्यातलीच आपली पाषाण रोडवरची एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, १९५० ची. इथून रिक्षाने जाता-येता तिची भिंत दिसते. तर एका रसायनशास्त्रज्ञाचं गीत, आणि तेही शुद्ध संस्कृतप्रचुर हिंदीत. आमच्या सरांना त्याचं फार कौतुक होतं.

सी-४०१: पेपर बाजूला ठेवले. आता सावलीचं सांगतो.

एक मीटरची सरळ काठी उन्हात उभी करायची आणि भर मध्यान्हीची सावली मोजायची. मध्यान्ह म्हणजे घड्याळातले १२ नव्हेत. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावर लावलेलं, ते मिर्झापूरजवळून जातं. बनारस त्याच्या शेजारीच, ८३ अंशांवर. पुणे पार पश्चिमेला, ७३.८५ वर. एका अंशाला ४ मिनिटं. म्हणजे बनारसची मध्यान्ह ११:५८ ला आणि आपली १२:३५ ला.

एरवी हा हिशोब काही मिनिटांनी चुकतो, कारण खरा सूर्य घड्याळाच्या कधी पुढे असतो कधी मागे. वर्षातले जे चार दिवस दोघं जुळतात, त्यातला एक २५ डिसेंबर. काकूंनी मुहूर्त न बघता मुहूर्त काढलाय.

त्या दिवशी पुण्यात १ मीटरच्या काठीची सावली सुमारे ९० सेंमी पडेल, बनारसला ११४ च्या आसपास. एकाच दिवशी, एकाच मापाच्या काठीला २४ सेंमीचा फरक. मुलांनी दोन्ही त्रिकोण आलेख-कागदावर काढायचे आणि कोनमापकाने सूर्याची उंची मोजायची. पुण्यात ४८ अंश येईल, बनारसला ४१ च्या जरा वर. फरक पावणेसात अंशांचा. नकाशावर बनारस आपल्या उत्तरेला सरळ रेषेत किती, हे अक्षांशांच्या रेघांमधून पट्टीने काढायचं. साधारण साडेसातशे किमी. पावणेसात अंशांना ७५०, तर ३६० ना किती? त्रैराशिक. उत्तर येतं ४०,००० किमी. पृथ्वीचा घेर. इराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने अलेक्झांड्रियात सुमारे २२०० वर्षांपूर्वी याच युक्तीने काढला होता.

पण बनारसला त्या मिनिटाला काठी घेऊन उभं राहणारं कुणीतरी लागेल. ते मी नाही आणू शकत, काकूच आणू शकतात.

बी-७०४: सर, हे झकास आहे. मिळेल माणूस. आमच्या बॅचची एक मैत्रीण कॅम्पसजवळ लंकेवर राहते. (रावणाच्या नव्हे हो, विद्यापीठाच्या सिंहद्वारासमोरच्या वस्तीचं नाव लंका.) तिची नात काठी धरेल, व्हिडिओ कॉल लावू.

एकच अडचण. डिसेंबरात बनारसला धुकं इतकं असतं की कधी कधी दिवसभर सूर्य दिसत नाही.

ए-२०३: झालं. पृथ्वीचा घेर धुक्यात.

सी-४०१: मग दुसरा माणूस तयार ठेवा. नागपूरला कुणी आहे तुमच्यातलं? तिथे सावली ९८ सेंमीची आणि मध्यान्ह १२:१४ ची. फरक कमी म्हणून चूक थोडी वाढेल, पण चालेल. दक्षिणेत कुणी असेल तर तेही सांगा. जितकी गावं जास्त तितकी मजा.

बी-७०४: नागपूर आहे, बेंगळुरू आहे, चेन्नईला दोघे आहेत. माजी विद्यार्थ्यांची ही एक सोय, देशभर विखुरलेले असतात आणि ग्रुपवर रोज एकमेकांना तीच ती जुनी छायाचित्रं पाठवतात. आता सावल्या पाठवतील.

ए-६०१: आमचा चौथीतला आहे, त्याला त्रैराशिक येत नाही. पण काठी धरायला येईल का?

सी-४०१: खडूने सावलीचं टोक दर पाच मिनिटांनी आखायला छोटी मुलंच हवीत. १२ वाजता सुरू करू. सगळ्यात आखूड सावली कुठली, ते त्यांनाच ठरवू दे.

डी-३०५: १२ ते १ हे होणार असेल तर आमची मुलंही येतील. केक संध्याकाळी आहेच. दुपारचं खाणं काय?

बी-७०४: चूडा-मटर. बनारसचा हिवाळ्यातला नाश्ता आहे, म्हणजे पोहेच, पण तुपात, भरपूर ताजे मटार घालून, आणि हळद नाही.

बी-१०२: हळद नाही? पांढरे पोहे?

बी-७०४: खाऊन बघा, मग बोला. सासूबाईही पहिल्या वर्षी असंच म्हणाल्या होत्या.

ए-२०३: सेक्रेटरीसाहेब, माझं मत सभासदाच्या दराला. शाल दिसली की मात्र उरलेलं भाडं वसूल करा.

ए-२०४: माझंही. आणि पाहुण्यांच्या गाड्या बाहेर रस्त्यावर लावा, गेल्या वेळी माझ्या जागेवर कुणाची तरी एसयूव्ही होती.

सेक्रेटरी (ए-५०१): ठीक. कमिटीतल्या तिघांनी आत्ताच होकार कळवलाय, म्हणजे बहुमत झालं. दर सभासदाचा, अनामत नेहमीप्रमाणे, हॉल २ वाजता झाडून परत. मोकळ्या जागेतल्या चारचाकी २४ च्या रात्रीच हलवायच्या, नाहीतर सावली बोनेटवर पडेल. कुंड्यांवर फ्लॅट नंबर लिहा. परत नेताना भांडणं नकोत.

सी-४०१: काठी अगदी उभी पाहिजे, जरा कलली तरी सावलीचं माप चुकतं. ओळंबा आहे का कुणाकडे?

सी-२०२: माझ्याकडे आहे. टेरेसच्या वॉटरप्रूफिंगच्या वेळी मिस्त्री विसरून गेलाय, कपाटावर पडून आहे. रविवारी घेऊन जा.