अनुभव धागा : टँकमध्ये फेदर डस्टर वाढलेत, काय करताय?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात खाऱ्या पाण्याचा रीफ टँक (कोरल म्हणजे प्रवाळ पाळायची टाकी) ठेवणाऱ्यांसाठी हा धागा. फेदर डस्टर म्हणजे नळीत राहणारे, पिसासारखा तुरा बाहेर काढणारे समुद्री किडे. "काचेवर पांढरे ठिपके आलेत, खडकावर तुरे उगवलेत, औषध कुठलं घालू?" हे विचारणं काही थांबत नाही. तेव्हा लिहा की मंडळी: टाकी किती लिटरची, नळ्या कुठं झाल्या, काय लागू पडलं, काय फसलं.

टिळकवाडी, २०० लिटर

औषध कुठलंच नको. फेनबेंडाझोल (जंतांचं औषध) घातलं तर हे किडे मरतात खरे, पण नळ्यांच्या आत मरून पाणी नासवतात, मऊ कोरलही सोबत जातात.

आधी ओळख पटवा. काचेवर हाताची सावली टाका. तुरा झटक्यात आत गेला तर फेदर डस्टर. नळी नखानं हलकी दाबा. चामड्यासारखी मऊ, गाळ चिकटलेली असेल तर सॅबेलिड. खडूसारखी कडक, पांढरी असेल तर सर्प्युलिड. काचेवरचे २-३ मिलिमीटरचे शंखागत वळलेले ठिपके स्पायरॉर्बिड. तिन्ही निरुपद्रवी.

नळी कडक आहे, पण तोंडाशी तुरा नाही आणि कोळ्याच्या जाळ्यासारखा चिकट धागा तरंगतोय? ती व्हर्मेटिड गोगलगाय. तिला सोडायचं नाही, कारण तो धागा कोरलवर पडला की त्याचे पॉलिप (कोरलमधले इवले जीव) मिटलेलेच राहतात. पक्कडीनं नळी मुळाशी मोडा आणि उरलेल्या भोकात सुपरग्लू जेलचा थेंब भरा. नुसतं टोक मोडलं तर आतली गोगलगाय परत नळी बांधते.

खानापूर, १२० लिटर

टिळकवाडीवाले अण्णा म्हणतात तसं किडा निरुपद्रवी, पण पंपात नव्हे. आमच्याकडं पावसात लाइट जाऊन-येऊन असते, त्यामुळं हे पक्कं कळलंय. रोटर (पंपातलं फिरतं चाक) फिरत असतो तोवर आतल्या चुन्याच्या नळ्या घासल्या जातात, काही जाणवत नाही. लाइट गेली, रोटर थांबला, की तिथंच अडकतो. लाइट आल्यावर पंप नुसता गुणगुणतो, पाणी ढकलत नाही, वर तापतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं चालू आहे.

म्हणून दर रविवारी पंप ५ मिनिटं बंद करून परत लावून बघायचा. पहिल्या झटक्यात सुटला नाही तर त्याच दिवशी साफ करायचा. बादलीत अर्धं पाणी, अर्धं पांढरं व्हिनेगर घ्या आणि पंप त्यातच तासभर चालवा. फेस येतो तो चुना विरघळल्याचा. मग खोलून रोटर, चुंबक आणि त्याचं घर जुन्या टूथब्रशनं घासा. गोड्या पाण्यात दोनदा धुतल्याशिवाय टाकीत सोडू नका. पंप अडकत नसेल तर ही सफाई ३ महिन्यांतून एकदा पुरते. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडलं तर रोटरचं प्लास्टिक चिरतं, नंतर पंप खडखडतो.

शहापूर, ३०० लिटर

मोजायचं ते किडे नव्हे, खाणं. पाण्यात तरंगणारे कण जास्त, तर तुरे जास्त. गोठवलेलं खाद्य वितळलेल्या पाण्यासकट ओतायचं नाही, बारीक गाळणीत गाळून घालायचं. फिल्टर सॉक (पाणी गाळायची कापडी पिशवी) ३ दिवसांनी बदलायचा. नव्या टाकीत स्पायरॉर्बिडचा लोंढा येतो आणि खाणं आटलं की आपोआप ओसरतो. काचेवरचे जुन्या एटीएम कार्डानं खरवडले की झालं. कार्ड ॲक्रिलिकला लावताना मात्र जपून.

हे किडे खायला बटरफ्लाय मासा आणा, असं कुणी सुचवलं तर आधी त्याला विचारा टाकी केवढी आहे. त्यातल्या कॉपरबँड जातीला ४०० लिटरही कमीच. शिवाय तो बरेचदा दिलेलं खात नाही. नळ्या संपल्या की उपाशी मरतो.

निपाणी, ९० लिटर

आम्हाला उलट वाढवायचेत! बिस्पिरा जातीचे झुपक्यानं राहणारे. हे शरीराचा तुकडा तोडून वाढतात, म्हणून एका नळीच्या बुडाशी दुसरी फुटते. झुपका वाटायचा तर नळ्यांच्या मधून ब्लेड घाला. किडा नळीतून ओढायचा नाही, ओढला की मेला. नळीचं बूड खडकाच्या भोकात बसवा, जेल बाजूला लावा, तोंड मोकळं ठेवा. प्रवाह मध्यम असावा; जोराचा असला तर तुरा उघडत नाही. रात्री टाकीचे दिवे बंद झाल्यावर हिरवं फायटो (सूक्ष्म शेवाळाचं पातळ खाद्य), १०० लिटरला ५ मिली, आणि तासभर स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद.

खानापूर, १२० लिटर

ताई, लाइट गेल्यावर तुरा गळून पडला तर किडा मेला असं समजायचं का?

निपाणी, ९० लिटर

लगेच नाही. हवा कमी पडली की तुरा टाकतात. बॅटरीचा एअर पंप हाताशी ठेवा. नळी ताठ असेल, वास नसेल तर ३ आठवडे थांबा. नवा तुरा आधी बारका येतो. नळी लोंबून कुजका वास आला तर मात्र त्याच क्षणी बाहेर.

चोर्ला घाटातून जा-ये करणाऱ्यांसाठी, टिळकवाडी

गोव्याच्या किनाऱ्यावरून नळ्या लागलेला खडक उचलून आणू नका. त्यावर कडक कोरल असलं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते संरक्षित आहे. आणि पावसाळ्यात नदीच्या मुखाजवळचं पाणीही नको, खारेपणा फार उतरलेला असतो.