दुसऱ्याने चुकवलेले तिकीट, आपल्या नावावर आलेला दंड

सोन्या (लेस्टर): सर्वांना नमस्कार. लंडनमध्ये मी पूर्वी ज्या घरात भाड्याने राहत होतो, त्या पत्त्यावर माझ्या नावाने एका रेल्वे कंपनीचे पत्र आले असून घरमालकांनी त्याचा फोटो मला पाठवला आहे. विनातिकीट प्रवासाबद्दल मला दंड लावला होता, तो मुदतीत भरला नाही, म्हणून आता १०० पौंड आणि त्या प्रवासाचे एकेरी भाडे अशी पूर्ण रक्कम भरावी, असे त्यात लिहिले आहे. ज्या संध्याकाळचा हा प्रवास आहे, तेव्हा मी इथे लेस्टरला कामावर होतो. कोणीतरी तपासनिसाला माझे नाव आणि जुना पत्ता सांगून स्वतःची सुटका करून घेतली आहे, हे उघड आहे.

आत्या (नाशिक): सोन्या, परक्या देशात कोर्टकचेरीच्या वाटेला जाऊ नकोस. पैसे भरून मोकळा हो. तुझा व्हिसा महत्त्वाचा आहे.

बाबा (कोथरूड): मला हे पटत नाही. त्याने प्रवासच केला नाही, तर त्याने उत्तर तरी का द्यावे? आपल्याकडे टीसी पकडतो, भाडे आणि वर किमान २५० रुपये जागेवर वसूल करतो आणि पावती देतो. जो देत नाही त्याला रेल्वे मॅजिस्ट्रेटपुढे उभे करतात. सापडलेला माणूस समोर असतो. इथे माणूस सोडून दिला आणि कागद भलत्याच्या घरी पाठवला, ही चूक त्यांची आहे. ती त्यांनीच निस्तरावी.

ताई (रेडिंग, आत्याची मुलगी): आई, मामा, तुम्हा दोघांचीही काळजी समजते, पण दोन्ही सल्ले सोन्याला अडचणीत आणतील. पैसे भरले की तो प्रवास आपणच केला असे कंपनीच्या दफ्तरी नोंदले जाईल, आणि ज्याने हे नाव एकदा वापरले तो ते पुन्हा वापरू शकेल. उत्तरच दिले नाही, तर स्मरणपत्रे येत राहतात, रक्कम वाढते आणि काही कंपन्या प्रकरण न्यायालयापर्यंत नेतात. व्हिसाचे म्हणाल, तर हा दंड म्हणजे गुन्ह्याची शिक्षा नव्हे, तो दिवाणी स्वरूपाचा आहे. खरा धोका दंडाच्या पुढच्या पायरीवर, म्हणजे खटल्यात आहे, आणि तिथवर प्रकरण जाऊ नये म्हणूनच आजच लिहायला हवे.

नाना (ठाणे): मला एक कळत नाही. कोणीही उठून कोणाचेही नाव सांगावे आणि तपासनिसाने ते लिहून घ्यावे, असे कसे चालते? ओळखपत्र मागत नाहीत का?

ताई: नाना, अगदी योग्य प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये ओळखपत्र जवळ बाळगण्याची सक्ती नाही. त्यामुळे प्रवाशाने सांगितलेले नाव आणि पत्ता मतदार यादीसारख्या नोंदींशी ताडून पाहतात. राष्ट्रकुलातील देशांचे नागरिक म्हणून इथे राहणाऱ्या भारतीयांनाही मतदार म्हणून नाव नोंदवता येते, आणि सोन्याचे नाव त्या जुन्या पत्त्यावर नोंदलेले होते. म्हणजे पडताळणीत नाव जुळले असणार. पण त्या जुळण्याने इतकेच सिद्ध होते की या नावाचा माणूस त्या पत्त्यावर राहत होता. समोर उभा असलेला माणूस तोच आहे, हे त्यातून मुळीच सिद्ध होत नाही. सोन्याच्या पत्राचा सगळा भार याच मुद्द्यावर असला पाहिजे.

सोन्या: ताई, अपिलाचा फॉर्म मी पाहिला. तिकीट का नव्हते, मशीन बंद होते का, स्टेशनावर सूचनाफलक होता का, असेच प्रश्न त्यात आहेत. शिवाय अपिलाची मुदत दंड लावल्यापासून २१ दिवसांची, आणि पत्रच मला ती उलटल्यावर मिळाले.

ताई: तसेच होणार, कारण मूळ नोटीस त्या तोतयाच्या हातात दिली गेली. २१ दिवसांत भरले तर ५० पौंड आणि भाडे, नंतर १०० पौंड आणि भाडे, अशी रचना इंग्लंडमध्ये जानेवारी २०२३ पासून आहे. त्या सवलतीची आणि अपिलाची दोन्ही मुदती तोतयाच्या खिशात संपल्या. म्हणून तिकीट का नव्हते याचे उत्तर देऊच नकोस, कारण ते दिलेस की प्रवास कबूल केल्यासारखे होते. पहिल्याच वाक्यात लिही, की हा प्रवास करणारी व्यक्ती मी नाही, माझे नाव माझ्या परवानगीशिवाय वापरले गेले आहे आणि मूळ नोटीस मला कधीच मिळाली नाही. पत्रावरचा संदर्भ क्रमांक टाक, सध्याचा पत्ता दे आणि उत्तर येईपर्यंत वसुली थांबवण्याची लेखी विनंती कर.

त्याच पत्रात पुरावाही माग. नोटिशीची कार्बन प्रत, त्यावरची सही, तपासनिसाने केलेले टिपण, आणि त्याच्या अंगावर कॅमेरा असेल तर त्याचे चित्रण. तुझ्या नावाने ठेवलेली माहिती पाहण्याचा हक्क तुला इथल्या डेटा संरक्षण कायद्याने दिला आहे आणि कंपनीने साधारणपणे महिन्याभरात उत्तर द्यावे लागते. मात्र चित्रण फार काळ जपून ठेवत नाहीत, म्हणून ते पुसू नये असे स्पष्ट लिही.

आत्या: आणि तो कामावर होता, हे कशावरून मानतील?

ताई: आई, ऑफिसच्या दारावर कार्ड लावल्याची नोंद असते, ती एचआरकडून पत्राच्या स्वरूपात घेता येते. त्या संध्याकाळी लेस्टरमध्ये कार्डाने काही विकत घेतले असेल, तर बँकेच्या खात्यातली तेवढी एक ओळ ठेवून बाकीचे झाकून पाठवावे. पासपोर्टची पूर्ण प्रत आपणहून पाठवू नये. नाव चोरीला गेल्याची तक्रार करताना आणखी कागद वाटत सुटणे योग्य नाही.

बाबा: जुन्या घरातल्या सोबत्यांपैकीच कोणाचे तरी हे काम असणार. त्याचे नाव लिहून टाकावे.

ताई: मामा, संशय रास्त आहे, पण पुराव्याशिवाय कोणाचेही नाव लिहू नये. भाडे चुकवून खोटे नाव किंवा पत्ता देणे हा इथे १८८९च्या रेल्वे कायद्याखाली गुन्हा आहे. सोन्याने ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलिसांकडे, म्हणजे इथल्या रेल्वे पोलिसांकडे, तक्रार नोंदवावी, त्यांना ६१०१६ या क्रमांकावर मेसेजही करता येतो, आणि मिळालेला तक्रार क्रमांक कंपनीच्या पत्रात लिहावा. माणूस शोधणे त्यांचे काम आहे.

नाना: समजा, जुन्या पत्त्यावर आधीच कोर्टाचा कागद येऊन गेला असेल तर?

ताई: ही शंका घेतलीत ते बरे झाले. इथे किरकोळ खटले एकच दंडाधिकारी कागदपत्रांवरून, सुनावणीशिवाय निकाली काढतो. नोटीस जुन्या पत्त्यावर पडून राहिली, तर माणसाला काही कळतही नाही आणि तो दोषी ठरतो. रेल्वे कंपन्यांनी या पद्धतीचा वापर बेकायदा रीतीने केल्याचे ऑगस्ट २०२४ मध्ये मुख्य दंडाधिकारी पॉल गोल्डस्प्रिंग यांच्या निकालाने उघड झाले. सुमारे ७४,००० प्रकरणे त्या तडाख्यात आली. तसे काही घडले असेल, तर खटल्याची कल्पना नव्हती असे शपथेवर निवेदन, कळल्यापासून २१ दिवसांच्या आत, न्यायालयात किंवा सॉलिसिटरपुढे करता येते आणि ती शिक्षा रद्दबातल होऊन प्रकरण पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. सोन्या, घरमालकांना तुझ्या नावाची सगळी जुनी टपाले उघडून पाहायला सांग, आणि रॉयल मेल या इथल्या टपाल कंपनीकडे जुन्या पत्त्यावरचे टपाल नव्या पत्त्यावर वळवण्याची सेवा आजच सुरू कर.

सोन्या: सर्वांना कळवतो. कंपनीने मूळ नोटिशीची प्रत पाठवली आहे. मधल्या नावात बाबांच्या नावाचे स्पेलिंग चुकले आहे, आणि सही इंग्रजीत, पूर्ण नाव गोलाकार अक्षरांत लिहून केलेली आहे. माझी सही पासपोर्टवर, बँकेत आणि घरभाड्याच्या करारावर सगळीकडे देवनागरीत आहे. करारावरच्या सहीची प्रत मी त्यांना पाठवली. चौकशी पूर्ण होईपर्यंत वसुली थांबवल्याचे त्यांचे ईमेल आज आले.

आत्या: देवाची कृपा. ते ईमेल जपून ठेव.

ताई: वसुली थांबवणे म्हणजे दंड रद्द होणे नव्हे. दंड रद्द केला, तो पुढे कोणत्याही वसुली एजन्सीकडे पाठवला जाणार नाही आणि या प्रवासाशी जोडलेले तुझे नाव नोंदीतून काढले, या तिन्ही गोष्टी एकाच पत्रात लेखी माग. त्या मिळेपर्यंत दर आठवड्याला त्याच ईमेलवर उत्तर म्हणून विचारणा करत राहा, नवा ईमेल सुरू करू नकोस.