एमएसमधलं कापरं: किती जणांना होतं, आणि त्यावर काय चालतं?

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, म्हणजे मेंदू-मणक्यातल्या मज्जातंतूंचं आवरण झिजवणारा आजार) असलेल्याचा हात थरथरला की आपल्याकडं लगेच 'कंपवात झाला' म्हणून मोकळे होतात. जाणकारांनी लिहावं. आपबीती नको, कामाचं सांगा.

फिजिओथेरपी, लातूर
आकडा एक नाही. लंडनच्या दवाखान्यात आलेल्या १०० जणांना तपासून २००१ साली अहवाल आला: ३७ जणांनी स्वतः थरथर सांगितली, तपासणीत ५८ जणांत सापडली. अमेरिकेतल्या ओल्मस्टेड काउंटीत दवाखान्यापुरतं न बघता तिथले एमएसवाले मोजले, तर २००४ च्या अहवालात साधारण चौथा हिस्सा निघाला. तीव्र थरथर फक्त ३ टक्क्यांना. मोठ्या दवाखान्यात दुखणं वाढलेलेच जास्त येतात, हे तफावतीचं एक कारण. आणि हलकी थरथर खुद्द माणसाच्याही ध्यानात येत नाही.

कंपवात नव्हे, हे घरीच कळू लागतं. कंपवातात मांडीवर ठेवलेला हात हलतो, बोटं गोळी वळल्यासारखी. एमएसमध्ये मांडीवरचा हात गप्प असतो. वाटीकडं निघाला की डुलायला लागतो आणि वाटी जवळ येईल तसा झोका वाढतो. हालचालीचा तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूकडं जाणाऱ्या-येणाऱ्या तारांचं, म्हणजे मज्जातंतूंचं, आवरण झिजलेलं, त्यामुळं हाताला ब्रेक उशिरा लागतो. हात पुढं जातो, मागं ओढला जातो, पुन्हा पुढं.

ऑक्युपेशनल थेरपी, छत्रपती संभाजीनगर
म्हणून जेवणात हाताचा प्रवास कमी करायचा. पाटावर बसून जेवायचा हट्ट सोडा. छातीच्या खालपर्यंत येणारं टेबल, दोन्ही कोपरं त्यावर टेकलेली, तोंड ताटाकडं थोडं झुकवलेलं. ताटाखाली ओलं फडकं, म्हणजे सरकत नाही. ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून काला करा, उभ्या काठाच्या जड वाटीत द्या. उथळ ताटलीत घास काठावरून बाहेर जातो. चमचा जाड मुठीचा; नसेल तर दांड्याला सुती कापड गुंडाळा. चहा कपबशीत नको. झाकणाच्या मगमध्ये अर्धाच भरा, आणि कोमट.

मनगटाला वजनाचा पट्टा बांधतात. पाव किलोपासून सुरू करा, अर्ध्या किलोच्या पुढं विचारल्याशिवाय जाऊ नका. झोका लहान होतो, पण हात लवकर थकतो आणि थकलेला हात जास्त कापतो. जेवणापुरताच बांधा. हातात आधीच कमजोरी असेल तर नकोच.

परिचारिका, परभणी
इकडचा मे महिना धरूनच चाला. अंग तापलं की झिजलेल्या तारांतून निरोप आणखी अडखळतो. थरथर, थकवा, दिसणं सगळंच बिघडतं. गार झाल्यावर उतरतं, म्हणजे तो नवा झटका, आजाराची नवी उसळी, नव्हे.

कोपरापासून खाली हात गार केला तर काही वेळ थरथर कमी होते, याचे प्रयोग झालेत: सुमारे १८ अंश, १५ मिनिटं, गुण अर्धा तासभर. बादलीत माठाचं पाणी, त्यात थोडा बर्फ, थर्मामीटर लावून. बर्फ थेट कातडीवर कधीच नाही; कित्येकांना त्या हाताला जाणीवच कमी असते, भाजल्यासारखा फोड येतो आणि कळत नाही. जेवण किंवा सहीच्या जरा आधी करा. पावसाळ्यात दमट हवेत कूलर फारसा उपयोगी नाही, ओला टॉवेल आणि पंखा बरा.

न्यूरॉलॉजी विभाग, छत्रपती संभाजीनगर
गोळ्यांकडून फार अपेक्षा नको. प्रोप्रानोलॉल दम्याच्या माणसाला चालत नाही. क्लोनाझेपामनं झोप आणि तोल जाणं वाढतं. स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शननं झोका कमी होतो, पण पकड सैल पडू शकते. मेंदूत विजेची बारीक तार बसवायची शस्त्रक्रिया निवडक लोकांसाठीच. आधी दम्याचा सॅल्ब्युटामोल, फिटची व्हॅल्प्रोएट आणि थायरॉइड बघा, त्यांनीही हात कापतो. दोनचार दिवसांत एकदम वाढली तर ताप, लघवीचा संसर्ग तपासून मगच झटका म्हणायचं.

बँक कर्मचारी, नांदेड
सही जुळत नाही म्हणून परत पाठवतात, तेव्हा अंगठा चालतो हे सांगा. आजारी, असमर्थ खातेदाराचा अंगठा बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर घेता येतो. त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी हवा.

समाजसेवा अधीक्षक, बीड
२०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या यादीत एमएस आहे. यूडीआयडीसाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) जाताना थरथरीमुळं जेवण, बटण, सही यातलं काय अडतं ते डॉक्टरांच्या कागदावर लिहून आणा. नुसतं 'एमएस' लिहिलेल्या कागदावरून हाताची अडचण किती, ते तपासणाऱ्याला दिसत नाही.