पदवीपेक्षा एककं पक्की हवीत

ऊर्जेवर लिहायला अभियांत्रिकीची पदवी हवीच, हे मत मला पटत नाही. मी मुक्त पत्रकार म्हणून ऊर्जा, तंत्रज्ञान आणि पर्यावरणावर लिहितो. पदवीवाचून अडत नाही, एककं कच्ची असली की मात्र बातमीच चुकते.

एखादा सौर प्रकल्प १०० मेगावॅटचा आहे म्हटलं, तर ती क्षमता झाली, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज देता येईल ते. तो प्रकल्प वर्षभर अखंड, पूर्ण ताकदीने चालला तर ८,७६,००० मेगावॅट-तास (म्हणजे मेगावॅट गुणिले तास, एकूण तयार झालेली वीज) वीज होईल. पण सौर प्रकल्प रात्री थांबतो, ढगांत मंदावतो. प्रत्यक्षात त्यातली साधारण १५ ते २५ टक्केच हाती लागते. म्हणून प्रसिद्धिपत्रकात ‘इतक्या लाख घरांना वीज’ दिसलं की हिशेब कोणत्या आकड्यावर केलाय, ते मी आधी विचारतो. बॅटरीच्या बातमीत तर मेगावॅट आणि मेगावॅट-तास दोन्ही हवेत, नाहीतर ती किती वेळ पुरेल हे वाचकाला कळणारच नाही.

आणखी एक. आयपीसीसी या हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या अहवालाचा धोरणकर्त्यांसाठीचा सारांश सरकारांचे प्रतिनिधी ओळ न् ओळ तपासून मंजूर करतात. त्यावरच थांबू नका, अहवालातली मूळ प्रकरणं उघडा. वेळ जातो, त्याचे वेगळे पैसे कुणी देत नाही, तरी मी ते सोडत नाही.